विश्लेषण : मूल ‘गोल’ म्हणते तेव्हा त्याला चपाती दिसते की लाडू?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने लोणावळ्याकडे येताना वलवणच्या आसपास चिक्कीची दुकाने लागू लागतात. काउंटरवर शेंगदाणा चिक्कीच्या वड्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. त्यातली एक वडी चार वर्षांच्या मुलाच्या हातावर ठेवून ‘हिचा आकार कोणता?’ असे विचारले, तर उत्तर लगेच येईल : ‘चौकोन’. आई-वडील खूश होतील. पण वडी चौकोन असेल, तर तिला जाडी कुठून आली? चौकोनाला जाडी नसते, मग वड्यांची चळत उंच कशी होते? लहान मुलांना सपाट आणि घन आकार शिकवताना नेमका हाच प्रश्न मागे राहतो. मुले नावे पाठ करतात, पण वस्तूचे वर्णन करत नाहीत. हे का घडते आणि ते कसे टाळता येईल, याचा आढावा.

सपाट आकार आणि घन आकार यांत फरक काय?

सपाट आकाराला लांबी आणि रुंदी असते, जाडी नसते. चौरस, आयत, त्रिकोण, वर्तुळ हे सपाट आकार. शाळेत पुढे त्यांना द्विमितीय म्हणतात. घन आकाराला लांबी-रुंदीबरोबर उंची किंवा जाडीही असते, म्हणजेच तो जागा व्यापतो. घन, इष्टिकाचिती, दंडगोल, शंकू, गोल हे त्रिमितीय आकार. इष्टिका म्हणजे वीट, त्यामुळे विटेसारख्या आकाराची ती इष्टिकाचिती. काड्यापेटी, पुस्तक, चिक्कीचा खोका ही तिची उदाहरणे. लुडोचा फासा घन, स्टीलचा उभा डबा दंडगोल, तर नरसाळ्याचा वरचा भाग शंकूसारखा.

मेख अशी, की मुलाच्या हातात येणारी प्रत्येक वस्तू त्रिमितीयच असते. खेळण्यांच्या दुकानात ‘चौरस’ म्हणून मिळणारा प्लास्टिकचा तुकडाही खरे तर पातळ इष्टिकाचिती असतो. सपाट आकार एकटा हातात धरता येत नाही. तो वस्तूच्या पृष्ठावर असतो, तिच्या ठशात असतो किंवा कागदावर तिच्याभोवती पेन्सिल फिरवून काढलेल्या रेषेत असतो. चिक्कीच्या वडीचे वरचे पृष्ठ चौकोन आहे, आख्खी वडी नव्हे. हा फरक मोठ्यांना क्षुल्लक वाटतो. मुलासाठी मात्र पुढच्या सगळ्या भूमितीची ती पहिली पायरी असते.

मराठीतला ‘गोल’ अडचणीचा का ठरतो?

रोजच्या मराठीत चपाती गोल, चंद्र गोल, बांगडी गोल, लाडू गोल आणि चेंडूही गोलच. पाठ्यपुस्तकात मात्र सपाट आकाराला वर्तुळ म्हणतात आणि चेंडूसारख्या घन आकाराला गोल. म्हणजे घरी जो शब्द दोन्हींसाठी चालतो, तो शाळेत एकाच आकाराचे नाव होतो. मुलाने ताटाला ‘गोल’ म्हटले तर ते चुकले, असे म्हणता येत नाही. त्याच्या भाषेत ते बरोबरच आहे. पण ताट आणि चेंडू एकाच शब्दात बसले, की त्यांच्यातला फरक सांगण्याची गरजच मुलाला वाटत नाही.

‘बाजू’ या शब्दाचेही तसेच. त्रिकोणाला तीन बाजू, असे शिकवताना बाजू म्हणजे रेषा. ‘खोक्याच्या दुसऱ्या बाजूला नाव लिही’ असे सांगताना बाजू म्हणजे आख्खे पृष्ठ. मग ‘या खोक्याला बाजू किती?’ असे विचारल्यावर एक मूल चार सांगते, दुसरे सहा आणि तिसरे बारा. तिघांनीही काहीतरी बरोबरच मोजलेले असते. पहिल्याने समोरच्या आयताच्या बाजू मोजल्या, दुसऱ्याने पृष्ठे आणि तिसऱ्याने कडा. मुलांचे मोजणे बरोबर होते, प्रश्नच संदिग्ध होता. म्हणून घन आकारांबद्दल बोलताना पृष्ठ, कडा आणि कोपरा हे तीन शब्द सुरुवातीपासून वेगळे वापरणे सोयीचे. तळहात टेकतो ते पृष्ठ, दोन पृष्ठे मिळतात ती कडा आणि बोटाला टोचतो तो कोपरा. लहान मुलांना एवढी ओळख पुरते.

तिसरी गंमत शंकरपाळीची. चौरस टोकावर उभा केला, की पुष्कळ मुले त्याला चौरस म्हणायला तयार होत नाहीत. ती म्हणतात, ‘ही शंकरपाळी’ किंवा ‘हा पतंग’. बाजू त्याच, कोपरे तेच, फक्त तिरके ठेवल्याने नाव बदलले. यातून मुलाचा विचार कसा चालतो, ते कळते.

आकार ओळखणे आणि वर्णन करणे यांत फरक काय?

पिअर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ या डच शिक्षक दाम्पत्याने १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधांत या प्रश्नाची मांडणी केली. त्यांच्या मते भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी येते. पहिल्या पायरीवर मूल आकार आख्खा पाहते. ‘हा दरवाजासारखा दिसतो, म्हणून आयत’ असे त्याचे कारण असते. दुसऱ्या पायरीवर ते गुणधर्म सांगू लागते : ‘याला चार बाजू आहेत, समोरासमोरच्या सारख्या आहेत, कोपरे वहीच्या कोपऱ्यासारखे आहेत.’ आणखी पुढच्या पायरीवर या गुणधर्मांचे एकमेकांशी नाते कळते आणि चौरस हाही एक आयतच आहे, हे पटते.

या दाम्पत्याचा महत्त्वाचा मुद्दा असा, की या पायऱ्या वय वाढले म्हणून आपोआप चढल्या जात नाहीत. त्यासाठी शिकण्याचे अनुभव लागतात आणि त्या अनुभवांबद्दल बोलावे लागते. शिक्षक एका पायरीवरून बोलत असेल आणि मूल दुसऱ्या पायरीवर असेल, तर दोघे तेच शब्द वापरूनही एकमेकांना समजत नाहीत.

अमेरिकेत डग्लस क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी ३ ते ६ वर्षे वयाच्या ९७ मुलांचा अभ्यास करून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्तुळ जवळजवळ सगळ्या मुलांनी अचूक ओळखले. चौरसही बहुतेकांना जमला. त्रिकोण मात्र सुमारे ६० टक्के वेळाच बरोबर ओळखला गेला आणि आयताचे प्रमाण त्याहूनही कमी होते. यामागचे एक कारण समजण्यासारखे आहे. वर्तुळ कसेही फिरवले तरी सारखेच दिसते. त्रिकोण मात्र लांबुळका, तिरका, उलटा, अरुंद असा नाना प्रकारचा असतो. तक्त्यावर मुलाला नेहमी एकच दाखवला जातो : तळ आडवा, टोक वर, तिन्ही बाजू सारख्या. मग तसा नसलेला त्रिकोण त्याला त्रिकोण वाटत नाही.

आधी घन आकार शिकवावेत की सपाट?

बहुतेक घरांत आणि बालवाड्यांत सुरुवात तक्त्याने किंवा मोबाइलने होते, म्हणजे सपाट आकारांनी. बालशिक्षणाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा क्रम मात्र याच्या उलट आहे. जर्मनीतील फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था सुरू केली. त्यातूनच पुढे किंडरगार्टन ही कल्पना रुजली. मुलांना द्यायच्या साहित्याचा त्यांनी क्रम ठरवला होता. सर्वांत आधी लोकरीचे मऊ चेंडू, मग लाकडी गोल, दंडगोल आणि घन, त्यानंतर तुकड्यांत विभागलेले घन आणि नंतर सपाट पट्ट्या, काड्या आणि शेवटी ठिपके. वस्तूकडून पृष्ठाकडे, पृष्ठाकडून रेषेकडे आणि रेषेकडून बिंदूकडे, असा हा प्रवास होता.

मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झाले. त्यांच्या पद्धतीतही मूल लाकडी घन आकार डोळे मिटून हाताळते आणि सपाट आकारांच्या चौकटीवरून बोट फिरवते. या दोन्ही पद्धतींत हात आधी शिकतो आणि शब्द नंतर येतो.

पडद्याची अडचण इथेच आहे. मोबाइलवरचा चेंडू हे प्रत्यक्षात वर्तुळाचे चित्र असते आणि फासा म्हणजे तिरक्या चौकोनांचे. ज्याने चेंडू आणि फासा भरपूर हाताळले आहेत, ते मूल चित्रात खोली पाहू शकते. ज्याने केवळ चित्रच पाहिले, त्याला चेंडू आणि वर्तुळ यांत फरक करायला आधारच मिळत नाही.

महागडे साहित्य लागते का?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मॉन्टेसरीच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता, पण ते साहित्य खेड्यातल्या शाळेला परवडणारे नव्हते. ताराबाईंनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. आज गावोगावी ओळखीचा असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगाशी जोडलेला आहे. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. पाने, बिया, शिंपले, दगड, माती अशा परिसरातल्या वस्तू हेच तिथले शैक्षणिक साहित्य होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

या प्रयोगातून आकारांच्या शिक्षणासाठी एक सोपा धडा मिळतो. वस्तू विकत आणावी लागत नाही. ती आधीच घरात, अंगणात आणि रस्त्यावर आहे. फक्त तिच्याबद्दल बोलावे लागते.

वलवणच्या आसपास हे धडे कुठे दिसतात?

मावळात त्यांची कमतरता नाही. पवन मावळातल्या तिकोना किल्ल्याच्या नावातच तीन कोन आहेत. दुरून पाहिले, तर डोंगराची आकाशावर उमटलेली रेषा त्रिकोणासारखी दिसते. पण पायथ्याला गेल्यावर लक्षात येते, की हा सपाट त्रिकोण नाही. त्याला चढायला पुढची बाजू आहे आणि न दिसणारी मागची बाजूही. ‘दुरून त्रिकोण दिसतो, मग जवळ गेल्यावर त्रिकोण कुठे जातो?’ हा प्रश्न सहा-सात वर्षांच्या मुलाला विचार करायला लावतो. घन वस्तू एका दिशेने पाहिली, की तिची सपाट बाह्यरेषा दिसते, ही कल्पना एका डोंगराने समजते.

वलवणचे धरण टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचा भाग आहे. वलवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचे पाणी खंडाळ्याकडे नेले जाते आणि तिथून घाट उतरणाऱ्या मोठ्या पाइपांतून खोपोलीच्या वीजकेंद्रात पोहोचते. हे केंद्र १९१५ पासून सुरू आहे. पाइप म्हणजे दंडगोल. समोरून पाहिला तर त्याचे तोंड वर्तुळ दिसते आणि बाजूने पाहिला तर लांब आयत. एकाच वस्तूत दोन सपाट आकार कसे, हे घरी पाण्याच्या नळीच्या तुकड्यावरही दाखवता येते. अशा दगडी धरणाची भिंत पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद असते, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. आकार केवळ नाव नसून त्याला काम असते, हेही यातून कळते.

लोणावळ्यापासून साधारण दहा किलोमीटरवर कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहातील स्तूप हा दंडगोलावर ठेवलेल्या घुमटासारखा आहे आणि रांगेतले खांब अष्टकोनी आहेत. खांबाभोवती फिरत त्याची पृष्ठे मोजणे हा लहान मुलासाठी खेळ आहे. आठापर्यंत पोहोचताना कुठून सुरुवात केली, हे लक्षात ठेवावे लागते आणि त्यातून मोजणीचाही सराव होतो.

घरी किंवा अंगणवाडीत सुरुवात कशी करावी?

घरंगळते की सरकते? पाट किंवा मोठे पुस्तक उतरते धरून त्यावर गोटी, डबा, काड्यापेटी, वाढदिवसाची टोपी एकेक सोडावी. गोटी कशीही ठेवली तरी घरंगळते. डबा आडवा ठेवला तर घरंगळतो, उभा ठेवला तर सरकतो. काड्यापेटी फक्त सरकते. टोपी सरळ न जाता आपल्या टोकाभोवती वळते. आधी अंदाज, मग प्रयोग आणि मग कारण, असा क्रम ठेवावा. ‘वळलेले पृष्ठ घरंगळते, सपाट पृष्ठ सरकते’ हा नियम मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितला, तर तेच वर्णन.

रचता येते का? लगोरीसाठी चपटे दगडच का निवडतात, हे मुलाला विचारावे. गोटीवर गोटी राहत नाही, चिक्कीवर चिक्की राहते. डब्यावर डबा राहतो, पण उभाच. शंकूवर काहीच राहत नाही, मात्र शंकू दुसऱ्यावर बसतो.

ठसे. बटाट्याचा काप, काड्यापेटीचे वेगवेगळे पृष्ठ, डब्याचे झाकण, चिरलेली भेंडी रंगात बुडवून कागदावर उमटवावी. घन वस्तूचा सपाट आकार इथे पहिल्यांदा वेगळा होऊन दिसतो. एकाच काड्यापेटीचे तीन वेगवेगळे आयत उमटतात, हे पाहून मुले चकित होतात. पूर्ण चेंडूचा मात्र ठिपक्याएवढाच ठसा येतो. का, यावर गप्पा माराव्यात.

खोका उलगडणे. चिक्कीचा रिकामा खोका कडांवरून उघडून जमिनीवर सपाट करावा. सहा पृष्ठे एकाच वेळी दिसतात. पृष्ठांवर आकडे घालून खोका पुन्हा जोडला, की समोरासमोर कोणते आकडे आले, ते पाहता येते. चिकटवण्यासाठीच्या पट्ट्या मात्र मोजायच्या नाहीत, हे आधी सांगावे.

पिशवीतली वस्तू. कापडी पिशवीत एक वस्तू ठेवून मुलाने न पाहता, केवळ चाचपून तिचे वर्णन करावे. नाव घ्यायचे नाही. ‘दोन सपाट पृष्ठे आहेत, मधला भाग वळलेला आहे, कोपरा नाही’ असे ऐकून इतरांनी वस्तू ओळखावी. या खेळात वर्णनाला खरे काम असते. ते अपुरे असेल, तर समोरचा चुकतो आणि मूल आपणहून अधिक नेमके बोलू लागते.

कोणत्या चुका टाळाव्यात?

पहिली चूक म्हणजे नाव आले की थांबणे. ‘हा त्रिकोण’ असे मूल म्हणाल्यावर ‘शाब्बास’ म्हणण्याबरोबरच ‘तुला कसं कळलं?’ असेही विचारावे. उत्तर ‘डोंगरासारखा दिसतो’ असे आले, तर मूल पहिल्या पायरीवर आहे. ‘तीन कोपरे आहेत’ असे आले, तर ते पुढे सरकले आहे.

दुसरी चूक म्हणजे फक्त बरोबर उदाहरणे दाखवणे. त्रिकोणासारखा दिसणारा पण एक बाजू वाकडी असलेला, किंवा रेषा न जुळलेला आकारही दाखवावा. ‘हा त्रिकोण का नाही?’ हे सांगताना व्याख्या मुलाकडूनच येते. पातळ, आडवे, उलटे त्रिकोणही दाखवावेत.

तिसरी चूक म्हणजे पुढे खोडून काढावे लागेल असे शिकवणे. ‘चौरस वेगळा, आयत वेगळा’ असे ठासून सांगितले, तर चौरस हा विशेष प्रकारचा आयत आहे, हे काही वर्षांनी पटवणे कठीण जाते. लहान वयात हे नाते समजावण्याची घाई नको, पण त्याच्या विरुद्धही सांगू नये.

चौथी चूक म्हणजे घरचा शब्द खोडून शाळेचा शब्द लादणे. मुलाने ताटाला गोल म्हटले, तर ‘हो, गोल आहे. चेंडूसारखा गोल की चपातीसारखा?’ असे विचारता येते. फरक त्याने सांगितल्यावर ‘चपातीसारख्या गोलाला वर्तुळ म्हणतात’ हे वाक्य जोडावे. शब्द तेव्हा फरकाला चिकटतो आणि टिकतो.

शैक्षणिक धोरणात याला स्थान आहे का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावे, यासाठी २०२६-२७ चे उद्दिष्ट ठेवले. त्यातील संख्याज्ञानात बेरीज-वजाबाकीबरोबर आकार आणि अवकाशाची समज हाही घटक आहे. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या यांचा समावेश असलेला ‘जादुई पिटारा’ सादर झाला. राज्यातील अंगणवाड्यांसाठी आणलेल्या एका बालशिक्षण अभ्यासक्रमाचे तर नावच ‘आकार’ होते.

म्हणजे धोरणाच्या पातळीवर मुद्दा मान्य आहे. पण वर्गात आणि घरात प्रगती मोजताना अजूनही ‘किती आकारांची नावे येतात’ हाच प्रश्न सोपा वाटतो. नाव एका सेकंदात तपासता येते. वर्णन ऐकायला वेळ द्यावा लागतो.

पुढे याचा काय फरक पडतो?

चौथी-पाचवीत क्षेत्रफळ येते, पुढे घनफळ. पृष्ठ आणि वस्तू यांतला फरक ज्याच्या मनात पक्का नाही, त्याच्यासाठी क्षेत्रफळ आणि घनफळ ही केवळ पाठ करायची दोन सूत्रे उरतात. खोक्याला रंग द्यायला किती रंग लागेल आणि खोक्यात किती चिक्की मावेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे सूत्राने कळत नाही. खोका उलगडलेल्या आणि भरलेल्या हातांना ते कळते.

पुढे आयटीआयमध्ये किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात रेखाटनाचा विषय येतो. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, ते काढायचे असते. अनेक विद्यार्थ्यांना हा विषय अवघड जातो. पाइप समोरून वर्तुळ आणि बाजूने आयत का दिसतो, हा त्यातला पहिला प्रश्न. तो चौथ्या वर्षीच नळीच्या तुकड्यावर विचारला गेला असेल, तर अठराव्या वर्षी तो नवा वाटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी चिक्कीची वडी मुलाच्या हातावर ठेवल्यावर ‘चौकोन’ हे उत्तर आले, तर ते स्वीकारावे आणि लगेच एक प्रश्न विचारावा : ‘चौकोन कुठे आहे, बोटाने दाखव बरं.’ बोट वडीच्या वरच्या पृष्ठाच्या कडेने फिरले, चारही कोपऱ्यांवर थांबले आणि जिथून निघाले तिथे परत आले, तर मुलाला आकार दिसू लागला आहे. मग वडी खायला हरकत नाही.